‘फुगे फोडायला लावणारा माणूस’ म्हणणाऱ्यांना उत्तर

टिळकवाडीकर:
काल इथं एकाने लिहिलं, ‘आदेश बांदेकरांनी १८ वर्षं बायकांना फुगे फोडायला लावले आणि साडी हातात दिली. याला कारकीर्द म्हणत नाहीत.’ वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१३ सप्टेंबर २००४ ला ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं, म्हणजे बांदेकरांनी घरोघरी जाऊन बायकांशी गप्पा मारायच्या, खेळ घ्यायचे आणि जिंकणारीला पैठणी द्यायची तो कार्यक्रम. तेव्हा झी मराठी वाहिनीचं नाव अजून अल्फा मराठी होतं. त्याच वर्षी महाराष्ट्राने आमच्या बेळगावच्या सीमाप्रश्नाचा, कर्नाटकातली मराठी गावं मागणारा दावा सुप्रीम कोर्टात लावला. आमच्याकडे बाबा पेपरात दाव्याची बातमी शोधायचे आणि आई दिवेलागण झाली की टीव्हीसमोर बसायची. अकरा माणसांचं रांधणारी बाई ती. तिला ‘वहिनी, तुमचं लग्न कसं ठरलं?’ असं आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. बांदेकर रोज कुणाला तरी ते विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. सासूदेखत सून बोलायची, नवरा मान खाली घालून हसायचा. दूरदर्शनवर ‘ताक धिना धिन’ केलेला माणूस तो, बोलण्यावर हुकूमत होतीच. खरं, कॅमेऱ्याला घाबरलेल्या बाईला तिच्याच माजघरात मोकळं करणं हे वेगळं कसब आहे. फुगे हे निमित्त होतं.

निपाणीकर:
कसब मान्य. पुढचं का गाळलं? २००९ ला हेच बांदेकर, बायकांचे लाडके भावोजी, मुंबईतल्या माहीममधून शिवसेनेतर्फे विधानसभेला उभे राहिले. २०१७ ला सिद्धिविनायक न्यासाचे अध्यक्ष झाले. लोकांनी भाऊ म्हणून दार उघडलं होतं, उमेदवार म्हणून नव्हे. घरातली ओळख मतपेटीपर्यंत नेणं मला पटत नाही.

आणि सीमाभागाचा विषय काढलाच आहे तर ऐका. महाराष्ट्रवाले इथल्या ८६५ गावांवर हक्क सांगतात, इकडे आमच्या केबलवाल्याकडे मराठी वाहिन्या मूळ पॅकमध्येच नाहीत. वर पैसे मोजा, तेव्हा मराठी दिसणार. तीन वेळा भांडलो. ‘मग कन्नड बघा की ओ,’ म्हणाला. १९५६ ला हा भाग कन्नड राज्यात घातला, तेव्हापासून हेच ऐकत आलोय.

टिळकवाडीकर:
उभे राहिले आणि मनसेच्या नितीन सरदेसाईंकडून पडले. तुमच्याच मुद्द्याचं उत्तर त्यात आहे. बायकांनी भावोजी म्हटलं म्हणून मत दिलं नाही. त्यांना फसवलं असं म्हणणं म्हणजे त्यांना अक्कल नव्हती असं म्हणणं.

अनगोळकर:
केबलवाल्याचं राहू द्या. आमच्या घरी मराठी बोलतात आणि तरी आम्ही २०१२ ला सुवर्ण या कन्नड वाहिनीवर पुनीत राजकुमारांचं ‘कन्नडद कोट्यधिपति’ बघायचो, म्हणजे कन्नडमधलं ‘कौन बनेगा करोडपती’. सूत्रसंचालन काय असतं ते तिथं बघा. एवढा मोठा नट, समोरच्या शेतकऱ्याशी त्याच्या बरोबरीचा होऊन बोलायचा. २९ ऑक्टोबर २०२१ ला ते गेले, तेव्हा आमच्या गल्लीत मराठी पोरांनी फोटोला हार घातला. वय ४६. तिथं बाईला प्रश्न विचारायचे, बुद्धीचे पैसे मिळायचे. इथं साडी. मराठीत २०१३ ला सचिन खेडेकरांनी ‘कोण होईल मराठी करोडपती’ केलं की. त्याबद्दल कुणी एवढं हळवं होऊन लिहीत नाही.

निपाणीकर:
मराठी माणूस कन्नड वाहिनीचं कौतुक करायलाय, छान. असंच चालू द्या.

अनगोळकर:
माझ्या आजोबांनी सीमा लढ्यात तुरुंग पाहिलाय. माझं मराठीपण तुम्ही मोजू नका. चांगल्याला चांगलं म्हणायला मी कुणाची परवानगी मागणार नाही.

वडगावचा मागवाला:
तुम्ही दोघं भांडा. मला साडीबद्दल बोलायचंय, ते कुणीच बोलेना. २००४ च्या आधी आमच्याकडे लग्नात पैठणी मागणारी किती घरं होती? इरकल, नाहीतर आमच्या शहापूर-खासबाग-वडगावच्या मागावरची साडी. टीव्हीवर रोज संध्याकाळी पैठणी दिसायला लागली आणि बायकांच्या तोंडात तेवढा एकच शब्द बसला. २०२२ ला तर त्याच कार्यक्रमाच्या ‘महामिनिस्टर’ पर्वात ११ लाखांची पैठणी! माझ्या बापाने चाळीस वर्षं माग चालवला. लॉकडाऊननंतर आम्ही दोन पावरलूम भंगारात किलोवर घातले. मी स्वतः टेम्पोत चढवले.

टिळकवाडीकर:
वाईट वाटलं, मनापासून. पण याचा दोष एका निवेदकावर कसा? सुताचा भाव, व्यापाऱ्याची मजुरी, स्वस्त माल, ही कारणं नाहीत का?

वडगावचा मागवाला:
आहेत. मजुरी तर आधीपासूनच मारत होती. मी एवढंच म्हणतो की लोकांना एक साडी शिकवली आणि तीसुद्धा अर्धवट. येवल्याचा विणकर हातमागावर महिना-महिना घालून विणतो, तिचा पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. आमच्या बाजारात हजार-दीड हजाराला मिळते तिच्या पाठीमागे धागे लोंबतात, आणि तिलाही पैठणीच म्हणतात. आता तर प्रत्येक गल्लीत ‘खेळ पैठणीचा’. निवडणूक जवळ आली की इच्छुक उमेदवार मंडप घालतो, शंभर बायका, संगीत खुर्ची, आणि ती यंत्रावरची साडी. त्यात ना येवल्याच्या विणकराचं पोट भरतं ना वडगावच्या.

अनगोळकर:
हे मात्र पटलं.

खानापूरची लेक:
अशाच एका मंडपात माझी आई गेली होती. गावातला कार्यक्रम, घेणारे गावातलेच. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. नावं घेताना एकीने माईकवरून विचारलं, ‘उखाणा येतो का?’ दुसरीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आईला मागच्या रांगेत नेऊन बसवलं. हळदी-कुंकूही नाही. आई घरी येऊन भांडी घासत बसली, कुणाशी बोलली नाही. ‘होम मिनिस्टर’मधली ‘दार उघड बये दार उघड’ ही हाक तिथंही लाउडस्पीकरवर लावली होती. संत एकनाथांच्या भारुडातली हाक ती, आणि नाथ पैठणचेच. त्यांनी ती नवरा असलेल्यांपुरती घातली नव्हती. बांदेकरांनी हे केलं असं मी म्हणत नाही. खरं, त्यांचा खेळ उचलून आपल्या लोकांनी त्याचं हे केलं, आणि ते सांगायला मला कुठं जागा मिळाली नाही.

टिळकवाडीकर:
ताई, तुमच्या आईंचं वाचून मला माझ्या आईचं लिहिताना संकोच व्हायला हवा होता. नक्कल करणाऱ्यांनी लग्नाचा प्रश्न घेतला, थांबून ऐकणं घेतलं नाही. तरी माझं मूळ म्हणणं मी मागे घेत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ‘घरच्या घरी’ म्हणून व्हिडिओ कॉलवर तोच कार्यक्रम चालला, तेव्हा ना गर्दी होती ना मंडप. नुसत्या बोलण्यावर तो उभा राहिला. ते बोलणं त्या माणसाचं होतं.

निपाणीकर:
ठीक आहे, बोलण्याचं श्रेय देतो. माहीमचं देत नाही.

टिळकवाडीकर:
नका देऊ. मागवाले, आमच्या गल्लीत संक्रांतीला तीस बायका जमतात. खेळ ठेवणारच आहेत. बक्षिसाला तुमच्याकडच्या साड्या मिळतील का?

वडगावचा मागवाला:
माझा माग गेला, सांगितलं की. चुलत्याचे दोन अजून चालतात. भाव करणार नसाल तर या. आणि आधी सांगा, किती बायकांना बोलावणार आणि कुणाला मागे बसवणार.

टिळकवाडीकर:
कुणालाच नाही. उखाणा काढून टाकायला आमच्या बायकांना सांगतो, त्या भांडतील. ताई, आईंना घेऊन याल?

खानापूरची लेक:
विचारते. ती नाही म्हणेल. मग परत एकदा विचारते.