स्विफ्टला मागे स्पेसर टाकावेत का? सेफ आहे का?

स्विफ्टवाला_पुणे:
मंडळी, २०१८ ची स्विफ्ट आहे, कंपनीचेच १५ इंची अलॉय. मागची चाकं मडगार्डच्या फार आत वाटतात म्हणून स्पेसर, म्हणजे चाकामागे बसणाऱ्या चकत्या, टाकायचा विचार आहे. टायरवाला म्हणतो १० एमएमचे टाकून देतो, स्टड (चाकाचे नट बसतात ते बोल्ट) तेच, नट तेच, अर्ध्या तासात काम. पण पुणे-कोल्हापूर येणं-जाणं चालूच असतं आणि मागे आईबाबा बसतात, नुसत्या दिसण्यासाठी रिस्क नकोय. बेअरिंग जातं म्हणतात ते खरं का?

नटबोल्ट:
तेच स्टड ठेवून १० एमएम? अजिबात नको भावा. हिशोब बघ, स्विफ्टचा स्टड १२ एमएम जाडीचा, आटा १.२५ चा, म्हणजे नटाच्या एका फेऱ्याला सव्वा मिलिमीटर. मध्ये १० एमएमची चकती आली की सरळ ८ फेरे गेले. स्टडच्या जाडीएवढे तरी आटे नटात धरले पाहिजेत, म्हणजे साडेनऊ-दहा फेरे. एक नट काढ, हाताने परत लावताना फेरे मोज आणि ८ वजा कर, काय उरतं ते कळेल. पान्याला जोर लागला म्हणजे बसला असं नसतं, दोन-तीन आट्यांवरही नट घट्ट लागतो आणि मग खड्ड्यांत आटे सोलून निघतात. गॅरेजला अशी एक गाडी आलेली, एका चाकाचे दोन नट गायब, उरलेल्या स्टडचे आटे पार गुळगुळीत, आणि मालकाची तक्रार काय तर मागून कटकट आवाज येतो!

स्टुटगार्टकर:
नटबोल्ट म्हणतात ते बरोबर, पण स्पेसर म्हणजे वाईटच असंही नाही. इथे जर्मनीत आयबाख, एच अँड आर या कंपन्यांचे स्पेसर लोक सर्रास लावतात, पण ते त्या-त्या गाडीसाठी बनवलेले असतात आणि कागदपत्रं, तपासणी सगळं रीतसर होतं. मुख्य म्हणजे मधलं भोक हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, चपखल बसतं. स्विफ्टचा हब ५४.१ एमएम, "सगळ्या गाड्यांना चालतो" टाईप स्पेसरचं भोक त्याहून मोठं असतं, मग चाक सेंटरला बसत नाही आणि हायवेला गाडी थरथरते. जाड स्पेसर, साधारण २० एमएमच्या पुढचे, स्वतःचे स्टड घेऊन येतात, तिथे आट्यांचा प्रश्न नाही, पण आधी हबवरचा गंज वायर ब्रशने साफ, मग टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने नट आवळायचा पाना) आधी स्पेसर मग चाक, आणि ५०-१०० किमीनंतर परत चेक. बेअरिंगचं म्हणाल तर चाक बाहेर गेलं की तरफ वाढते, लगेच जात नाही पण आयुष्य कमी होतं हे खरं. मागे माणसं बसली की टायर मडगार्डला घासतोय का तेही बघायला लागेल.

काळीपिवळी:
कायद्याचंही बघा. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही असा निकाल दिलाय. उद्या अपघात झाला आणि स्पेसर आधी कळवलेले नसतील तर क्लेमला इन्शुरन्सवाले हरकत घेऊ शकतात.

स्विफ्टवाला_पुणे:
नट काढून मोजलं, ८ गेल्यावर काहीच उरत नाही. टायरवाल्याला नाही म्हणून सांगितलं. चाकांचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा, कुठे लिहिलेला असतो?

नटबोल्ट:
चाकाच्या आतल्या बाजूला, स्पोकच्या मागे "ईटी" आणि पुढे आकडा. चाक उतरवून फडका मार, चिखलाखाली असतो. आकडा इथे टाक, मग बघू.