आईच्या नावाने नर्सिंगच्या मुलींसाठी कायम ठेव ठेवायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची आई ससूनमध्ये परिचारिका होती. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली उभ्या राहिलेल्या त्या रुग्णालयात तिची सगळी नोकरी झाली. ती गेल्यावर आम्ही तिघा भावंडांनी मिळून १२ लाख रुपये पुण्यात शिकणाऱ्या नर्सिंगच्या मुलींसाठी द्यायचं ठरवलंय. मुद्दलाला हात न लावता व्याजातून दरवर्षी मदत व्हावी.

चौकशी केली तर बहुतेक ठिकाणी सुवर्णपदक सुचवतात. पहिल्या येणाऱ्या मुलीचं कौतुक व्हायलाच हवं, पण आईचा जीव तुटायचा तो लांबच्या गावाहून आलेल्या, वॉर्डात उपाशीपोटी ड्युटी करणाऱ्या मुलींसाठी. २०२४ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नगटातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. मेस, गणवेश, पुस्तकं, पोस्टिंगला जायचं बसभाडं मात्र त्या माफीत येत नाही. अडतं ते तिथेच.

७ टक्के धरले तर वर्षाला ८४,००० येतील. महिना ३,५०० प्रमाणे दोघींची मेस निघेल. आज निघेल, पण दहा वर्षांनी?

ठेव कॉलेजकडे ठेवावी की एखाद्या विश्वस्त संस्थेकडे? 'फक्त राहण्या-जेवणासाठी' ही अट पुढचे विश्वस्तही पाळतील, यासाठी पत्रात काय लिहावं? आणि एक भाऊ अमेरिकेत आहे, त्याचे पैसे कसे घ्यायचे?

प्रतिसाद

ताई, फार चांगलं काम करताय. आमच्या संस्थेचे हिशेब मी बरीच वर्षं पाहतोय, त्यावरून सांगतो.

देणगीच्या पत्रात 'ही रक्कम कॉर्पस (म्हणजे कायम मुद्दल) म्हणून' असं स्पष्ट लिहा, नाहीतर ती चालू खर्चात धरली जाते. त्याच पत्रात व्याजाचा विनियोग आणि निवडीचा निकष लिहा. व्याजातला पाचवा हिस्सा दरवर्षी मुद्दलात घालायची अट टाका. आज दीडच मुलीची मेस निघेल, पण ठेव महागाईपुढे अगदीच खुजी पडणार नाही. विश्वस्त मंडळाचा ठराव करून घेऊन त्याची प्रत जवळ ठेवा.

देणगीवरची प्राप्तिकराची सवलत (८०जी) जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २,००० च्या वर रोख दिलेत तर मिळत नाही.

भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर अडचण नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परकीय देणगी ठरते. मग एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) नोंदणी असलेलीच संस्था हवी आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यातच यावे लागतात.

पुण्यातल्या विद्यार्थी सहायक समितीत विचारलंत का? १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींच्या राहण्या-जेवणाचंच काम करतात.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. भाऊ तिकडचा नागरिक झालाय, म्हणजे आधी एफसीआरएचं विचारायला हवं. समितीत या आठवड्यातच जाते. असं पत्र कुणी केलं असेल तर मसुदा पाहायला मिळेल का?