ली-एनफील्डवर 'यूएस प्रॉपर्टी' कसं काय?

ओहायोकर: मंडळी, इथल्या गन शोमध्ये एक ली-एनफील्ड नंबर ४ बघितली, .३०३ कॅलिबरवाली (म्हणजे त्या मापाच्या गोळीची), लाकूड एकदम मस्त, पण डाव्या बाजूला 'यूएस प्रॉपर्टी' कोरलंय. ब्रिटिश रायफलवर हे कसं? विकणारा म्हणतो अमेरिकन सैन्याची आहे.

खडकीवाला: सैन्याची नाही रे भाऊ. ही सॅव्हेज कंपनीची, मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सची. दुसऱ्या महायुद्धात लेंड-लीजखाली (मित्रदेशांना युद्धसाहित्य उसनं द्यायची अमेरिकेची योजना) ब्रिटनला दिलेल्या, म्हणजे मालकी कागदोपत्री अमेरिकेचीच, म्हणून तो शिक्का. सिरीयल नंबरच्या मधे 'सी' आहे का बघ, आणि छोट्या पार्टवर चौकोनातला 'एस' शोध. 'सी'च्या जागी 'एल' असेल तर कॅनडातल्या लाँग ब्रांचची.

जुनं_लोखंड: बोल्टच्या (गोळी आत ढकलणारा दांडा) हँडलच्या मागे पण नंबर असतो, तो रिसीव्हरवरच्या (बोल्ट बसतो तो मुख्य लोखंडी भाग) नंबरशी जुळला पाहिजे, नाहीतर भाव पाड. आणि एखादीवर 'एम४७सी' दिसलं तर गोंधळू नकोस, तो बीएसए या ब्रिटिश शस्त्र कंपनीच्या शर्ली कारखान्याचा युद्धकाळातला कोड, शत्रूला कारखाना कळू नये म्हणून नावाऐवजी कोड मारायचे.

ओहायोकर: भारी! आणि आपल्या ईशापूरची (बंगालमधला रायफल कारखाना) कशी ओळखायची?

खडकीवाला: ती नंबर १ मार्क ३, बोल्टच्या मागे उजवीकडच्या पट्टीवर बघ. इंग्रजांच्या काळातली असेल तर मुकुट, 'जीआरआय' (ब्रिटिश राजाची आद्याक्षरं) आणि ईशापूर, नंतरच्यांवर अशोकस्तंभाचे सिंह आणि 'आरएफआय' (रायफल फॅक्टरी ईशापूर). मला तरी सिंहवालीच जास्त प्यारी. फक्त ७.६२ मिमीची '२ए' (ईशापूरचंच नंतरचं मॉडेल) असेल तर .३०३ ची गोळी चालत नाही, घेताना कॅलिबर नीट वाच.