शनिवार पेठेतला वाडा हेरिटेज यादीत घालायचा आहे : काळ कसा सिद्ध करायचा?

शनिवारकर

पुण्यात शनिवार पेठेत दोन चौकी वाडा आहे. दगडी जोते, सागाचे खांब-तुळया, पुढच्या चौकाला कडीपाट, मागच्या चौकावर मंगलोरी कौले. मालक पाच सहहिस्सेदार, भाडेकरू चार. वाडा महापालिकेच्या हेरिटेज यादीत नाही. तो यादीत यावा म्हणून अर्ज करायचा आहे.

हाताशी इतकेच आहे : चालू प्रॉपर्टी कार्ड, अलीकडच्या घरपट्टीच्या पावत्या, एक मोडी कागद (खरेदीखत असावे) आणि 'वाडा पेशवाईतला आहे' ही घरात चालत आलेली गोष्ट. प्रॉपर्टी कार्डावरची सर्वांत जुनी तारीख विसाव्या शतकातली आहे.

प्रश्न असे : १) बांधकामाचा काळ कोणत्या कागदांवरून ठरतो आणि ते कुठे मिळतात? २) महापालिकेची हेरिटेज समिती नेमके काय बघते? ३) कोणी प्रसिद्ध माणूस इथे राहिल्याचा पुरावा नाही, मग अर्जात दम राहतो का?

रुमालवाचक

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. केंद्राचा १९५८ चा कायदा आणि राज्याचा १९६० चा कायदा हे 'संरक्षित स्मारकां'साठी आहेत. तुमचे काम त्या वाटेचे नाही. महापालिकेची हेरिटेज यादी नगररचनेच्या नियमांखाली येते. तिथे ग्रेड १, २, ३ असतात. पहिली राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तूंसाठी, दुसरी प्रादेशिक वा स्थानिक महत्त्वाच्या, तिसरी त्या भागाचा चेहरा टिकवणाऱ्या. रहिवासी वाड्याने ग्रेड १ मागू नये, अर्जाचे हसे होते. यादीत नाव आल्याने मालकी बदलत नाही आणि भाडेकरूंचे हक्कही तसेच राहतात. मात्र पाडकाम, वाढीव बांधकाम आणि दर्शनी बदल यांना समितीची संमती लागते. हे पाचही हिस्सेदारांना आधीच सांगून त्यांच्या सह्या घ्या. हरकती-सूचनांच्या टप्प्यावर पहिली हरकत बहुतेक घरातूनच येते.

शनिवार पेठ म्हणून आणखी एक. शनिवारवाडा केंद्र संरक्षित आहे. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर नियंत्रित. वाडा यात कुठे पडतो ते आधी मोजून घ्या, कारण १०० मीटरच्या आत दुरुस्तीलाही वेगळी परवानगी लागते.

आता कागद. प्रॉपर्टी कार्डावरची जुनी तारीख ही भूमापन चौकशीची किंवा फेरफाराची असते, बांधकामाची नव्हे. ही चूक मी बघितलेल्या बहुतेक अर्जांत असते. नगर भूमापन कार्यालयातून कार्डाशिवाय चौकशी नोंदवहीचा उतारा आणि त्या वेळच्या नकाशाची प्रत मागा. चौकशीत मालकाने कोणता कागद दाखवून हक्क सांगितला ते लिहिलेले असते आणि पुढचा शोध तिथूनच सुटतो. नकाशावर चौक, विहीर, बोळ दिसतात. ते आजच्या मोजणीशी ताडले की काय वाढले, काय गेले ते कळते.

महापालिकेच्या कर आकारणी विभागात जुन्या आकारणी नोंदी मागा. करयोग्य मूल्य एखाद्या वर्षी एकदम दुप्पट झालेले दिसले तर त्या वर्षाच्या आसपास मजला चढला किंवा मागचा भाग बांधला असे समजायला जागा आहे. त्या वर्षाची बांधकाम परवानगी शोधा. पुण्यात नगरपालिका १८५७ पासून आहे, महापालिका १९५० पासून. त्यामुळे अर्जात 'महापालिकेची १९१० ची परवानगी' असे लिहू नका. तोंडी 'नोंदी नाहीत' असे उत्तर मिळाले तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका. ३० दिवसांत लेखी उत्तर येते आणि 'अभिलेख उपलब्ध नाही' हे लेखी उत्तरसुद्धा प्रकरणाला जोडायच्या कामाचे आहे.

दस्तांचा शोध दुय्यम निबंधकाकडे, पुणे शहरासाठी हवेलीची कार्यालये. ऑनलाइन शोध पुण्यात २००२ पासूनच्याच दस्तांचा होतो, त्याआधीचे हाताने. सूची १ नावावरून, सूची २ मिळकतीवरून. जुन्या सूचीत आजचा सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) सापडणार नाही, तिथे घर नंबर आणि पेठ असते. म्हणून जुना नंबर आणि नवा नंबर जोडणारा कागद, बहुधा चौकशी नोंदवहीच, आधी हातात हवा. स्थावराचे दस्त पुस्तक १ मध्ये, मृत्युपत्रे पुस्तक ३ मध्ये, आणि लोक मृत्युपत्रांचे पुस्तक बघायचेच विसरतात. हिस्सेदार पाच आहेत म्हणजे कधीतरी वाटपाचा दावा झाला असण्याची शक्यता आहे. झाला असेल तर दिवाणी न्यायालयाच्या निकालपत्राला कमिशनरचा नकाशा जोडलेला असतो, खोलीवार मापांसह. याहून चांगला कागद क्वचित मिळतो.

शेजाऱ्यांचे दस्तही काढा. खरेदीखतात चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना काय आहे ते, असतात. तुमच्या पूर्वेच्या घराच्या १८८० च्या दस्तात 'पश्चिमेस अमक्याचा वाडा' असे आले तर तुमचा वाडा तेव्हा उभा होता याला तिऱ्हाइताचा पुरावा मिळाला.

पेशवे दफ्तर, म्हणजे पुणे पुराभिलेखागार, हे सगळ्यांत शेवटी. तिथे कागद रुमालांत (कापडी गठ्ठ्यांत) बांधलेले आहेत, घर नंबरावर शोधता येत नाहीत. मूळ पुरुषाचे नाव, त्याची चाकरी किंवा इनाम, आणि दहा-वीस वर्षांचा काळ हातात असल्याशिवाय जाऊ नका. त्याआधी भारत इतिहास संशोधक मंडळाचे 'पुणे नगर संशोधन वृत्त' आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या अठराव्या खंडाचा तिसरा भाग (१८८५) चाळा. गॅझेटियरमध्ये पुणे शहराचे पेठवार वर्णन आहे. तुमचे घर नसेल, पण शेजारचे देऊळ, हौद किंवा मोठा वाडा असेल.

जोते_ते_आढे

कागद एक बाजू झाली. समितीतले वास्तुविशारद वाडाच वाचतात, तेव्हा त्यांच्याआधी तुम्ही वाचा.

एकच काळ लिहू नका. पुढचा चौक, मागचा चौक, वरचा मजला यांचा काळ वेगवेगळा धरा आणि प्रत्येकाला आपापला पुरावा द्या. तुमच्या वर्णनावरून पुढचा भाग जुना आणि मागचा नंतरचा वाटतो, पण मंगलोरी कौलांवर फार भार टाकू नका. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना १८६५ चा. कौलावर ते साल उमटलेले दिसले की लोक छपराला तेच साल लावतात. ते कारखान्याचे साल आहे. शिवाय कौले बदलतात, सांगाडा तोच राहतो. कौलांखालचे वासे-रिपा बघा. जुन्या नळीच्या कौलांचे छप्पर नंतर मंगलोरी केलेले असेल तर वाशांचा उतार आणि रिपांमधले अंतर बदलल्याच्या खुणा राहतात, जुन्या खिळ्यांची भोके रिकामी दिसतात.

लाकूडही फसवते. साग पुन्हा वापरला जातो. खांबावर किंवा तुळईवर जिथे आज काहीच बसलेले नाही तिथे सांध्याची रिकामी खाच असेल, तर ते लाकूड दुसऱ्या वाड्यातून आलेले किंवा इथेच जागा बदललेले. अशा एका तुळईच्या कोरीव कामावरून अख्ख्या वाड्याचा काळ ठरवला की अर्ज तिथेच पडतो. सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब आणि केळफुलांचे नक्षीकाम पेशवाईत होते, पण ती पद्धत पुढे एकोणिसाव्या शतकातही चालू राहिली. त्यावरून शैली सांगता येते, साल नाही. कार्बन डेटिंगचा खर्च करू नका. साधारण १६५० नंतरच्या लाकडाला ती पद्धत इतका रुंद पल्ला देते की उत्तर निरुपयोगी ठरते.

खरी मदत होते ती 'याच्या आधीचे असूच शकत नाही' असे सांगणाऱ्या वस्तूंची. लोखंडी आय-सेक्शन (इंग्रजी I आकाराच्या) तुळईवर कारखान्याचे नाव उठवलेले असते. डॉर्मन लाँग असेल तर १८७५ नंतरची. भारत फ्लोअरिंगच्या सिमेंट टाइल १९२२ नंतरच्या. भिंतीत तारेचे खिळे की लोहाराने घडवलेले चौकोनी, हेही बघा.

पुण्यात एक खास सापळा आहे, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर. शनिवार, नारायण, कसबा या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले तेव्हा मातीत बांधलेल्या तळमजल्याच्या भिंती बसल्या आणि त्या नंतर पक्क्या विटेत, सिमेंटात उभ्या केल्या गेल्या. सांगाडा लाकडी असल्याने वरचा मजला तसाच राहिला. म्हणून तळमजला नवा आणि माडी जुनी, असा उलटा प्रकार दिसतो. तळमजल्यावर सिमेंट दिसले म्हणून घाबरू नका, पण अहवालात कारणासह लिहा. घरातले जुने कागद का नाहीत याचेही उत्तर बऱ्याचदा हाच पूर असते.

मोजणी : प्रत्येक मजल्याचा आराखडा, दोन्ही चौकांतून जाणारा किमान एक छेद, रस्त्याकडचा दर्शनी भाग, १:५० किंवा १:१०० प्रमाणात. लेझरने मोजा, पण प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्णही मोजा. वाड्यात काटकोन क्वचित असतो आणि नुसत्या बाजू मोजल्या की कागदावर भिंती जुळत नाहीत. खणांना (दोन खांबांमधल्या गाळ्यांना) क्रमांक द्या आणि फोटोंना तेच क्रमांक लावा. खणाचे माप एका चौकात एक आणि दुसऱ्यात वेगळे निघाले, तर दोन वेळच्या बांधकामाचा तो चांगला पुरावा आहे.

शनिवारकर

मोडी कागद जाणकाराकडून वाचून घेतला. वर 'सुरू सन खमस तिसैन मया व अलफ' आणि शेवटी 'छ २१ साबान' आहे. म्हणजे ११९५? शके ११९५ तर तेराव्या शतकात जाते. मजकुरात 'खुली जागा' आणि गज-तसूंत लांबी-रुंदी आहे, खाली चतुःसीमा.

रुमालवाचक

शके नव्हे, सुहूर सन, म्हणजे अरबी अंकनावांनी लिहिला जाणारा, पेशवाईतल्या कागदांवरचा सन. अंक एकक-दहकाच्या क्रमाने येतात : खमस ५, तिसैन ९०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११९५ बरोबर. 'तिसा' म्हणजे ९ आणि 'तिसैन' म्हणजे ९०, तसेच 'सबा' ७ आणि 'सबैन' ७०. घाईत वाचले की साठ-ऐंशी वर्षांचा घोळ इथेच होतो, म्हणून दुसऱ्याकडून एकदा ताडून घ्या.

सुहूर वर्ष मृग नक्षत्राला बदलते. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. 'छ' म्हणजे चंद्र, हिजरी महिन्याची तिथी. त्या वर्षी साबान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला होता, म्हणून ११९५ + ६०० = १७९५, मार्च महिना. पडताळ्यासाठी : सुहूरमध्ये ९ मिळवले की फसली (महसुली सन), १२०४. शके १७१६ यायला हवा. शकाला एरवी ७८ मिळवतात, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत ७९. कागदावर दुसरीकडे फसली किंवा शक असेल आणि तो जुळत नसेल तर कागद नंतरची नक्कल असू शकते. नक्कल असली म्हणून टाकून देऊ नका, फक्त तसे लिहा.

पण महत्त्वाचे पुढे आहे. मजकुरात 'इमला' (बांधकाम) हा शब्द कुठे आहे का? जुन्या दस्तांत जागा वेगळी आणि इमला वेगळा. नुसती 'खुली जागा' असेल तर १७९५ मध्ये तिथे घर नव्हते. हा कागद वाडा पेशवाईतला असल्याचा पुरावा नाही. तो सांगतो की वाडा मार्च १७९५ नंतरचा आहे. वाईट वाटून घेऊ नका, तारीखवार तळरेषा मिळाली, ती फार थोड्या वाड्यांना मिळते. आता वरची रेषा शोधा : वाडा उभा असल्याचा पहिला उल्लेख. १७९५ ते तो उल्लेख, हाच तुमचा प्रामाणिक काळ. गज-तसू आजच्या मापात आणताना छापील कोष्टक लावू नका. २४ तसूंचा गज हे ठरलेले, पण गजाची लांबी गावागणिक वेगळी. जोत्याची लांबी मोजा, कागदातल्या गजांनी भागा. लांबी आणि रुंदी दोन्हींतून गजाचे एकच माप निघाले तर जागा तीच.

ओसरीवर

तिसऱ्या प्रश्नाचे राहिले. प्रसिद्ध माणूस हा एकच निकष नाही. मुंबईच्या १९९५ च्या हेरिटेज नियमांपासून निकषांची जी चौकट रूढ झाली तिच्यात वास्तुशैली, काळ, सामाजिक-आर्थिक इतिहास, बांधकामतंत्र, समूहमूल्य (शेजारच्या वास्तूंसह मिळून असलेले महत्त्व) हे सगळे वेगवेगळे धरलेले आहेत. व्यक्ती-घटनांशी संबंध हा त्यांतला एक. तुमच्या बोळात सलग तीन-चार वाडे उभे असतील तर समूहमूल्यावर जोर द्या आणि रस्त्याचा सलग दर्शनी आराखडा जोडा. दोन-तीन निकष निवडून प्रत्येकी एक परिच्छेद, प्रत्येक विधानासमोर कागदाचा किंवा फोटोचा क्रमांक. घरातली आख्यायिका द्यायची तर 'कुटुंबात असे सांगतात' या शब्दांत, वेगळ्या परिच्छेदात.

एक व्यवहारातली गोष्ट. अर्ज चालू असताना महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतीची नोटीस आली तर संशोधन बाजूला पडते. नोटिशीची वाट न बघता लाकूड-चुन्याच्या बांधकामाची जाण असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्या. फक्त काँक्रीटवर काम केलेला माणूस कललेला खांब बघून सरसकट 'सी-१' (पाडण्याजोगी धोकादायक) लिहून मोकळा होतो. वाड्यात खांबाचा तळ आणि पागोळीजवळचे वासे आधी कुजतात, तिथे जोड देऊन दुरुस्ती होते. पावसाळ्याआधी फुटकी कौले आणि पन्हळी तरी बदला, आणि बदलण्याआधी त्यांचे फोटो काढा.

शनिवारकर

'इमला' शब्द नाही, पुन्हा वाचून खात्री केली. चतुःसीमेत उत्तरेस एका देवळाचे नाव आहे, ते आजही उभे आहे.

रुमालवाचक

मग देवळापासून सुरू करा. त्याच्या ट्रस्टकडे किंवा वहिवाटदारांकडे जुनी सनद, वाटपपत्र, हद्दीच्या तंट्याचा कागद असेल. त्यात देवळाच्या दक्षिणेला काय लिहिले आहे ते बघा.