फॉर्म नंतर काढा, आधी कागद घ्या: डेटाबेसची सुरुवात नेमकी कुठून?

कोरी_पाटी (धागालेखिका)

गेल्या महिन्याभरात दोघांनी मला एकच प्रश्न विचारला: "डेटाबेस शिकायचाय, ॲक्सेस घेऊ की लिब्रेऑफिसचं बेस?" (दोन्ही डेटाबेस बनवायची सॉफ्टवेअर.) दोघांनाही म्हटलं, आधी कागद घ्या. दोघांनाही पटलं नाही, म्हणून हा धागा.

माझाच किस्सा सांगते. एका छोट्या वाचनालयाची देवघेव वहीतून कॉम्प्युटरवर आणायचं मी अंगावर घेतलं. उत्साह दांडगा. ॲक्सेस उघडलं, विझार्ड (पायरीपायरीने विचारणारा मदतनीस) विचारत गेला ते भरत गेले आणि पहिल्याच संध्याकाळी निळ्या पट्टीचा देखणा फॉर्म तयार. त्याच्यामागे टेबल एकच: नाव, फोन, पुस्तक१, पुस्तक२, पुस्तक३. कारण नियमच होता, एका वेळी तीन पुस्तकं. पुढे नियम बदलला, चार झाली. मी पुस्तक४ हा कॉलम वाढवला, फॉर्मवर एक चौकोन वाढवला, दोन रिपोर्ट दुरुस्त केले. मग कोणीतरी सहज विचारलं, "अमुक पुस्तक आत्ता कोणाकडे आहे?" एवढ्याशा प्रश्नासाठी चार कॉलम धुंडाळायचे. "वर्षभरात ते किती जणांनी नेलं?" याला तर उत्तरच नव्हतं. पुस्तक परत आलं की मी ते खोडून टाकत होते ना!

सॉफ्टवेअरचा यात काडीचाही दोष नव्हता. वहीचं पान जसं दिसायचं तसंच टेबल मी केलं होतं. सभासद ही एक गोष्ट, पुस्तक ही दुसरी आणि 'पुस्तक नेणं' ही तिसरी, हे डोक्यातच आलं नव्हतं. तिसऱ्या टेबलात प्रत्येक वेळी पुस्तक नेलं की एक ओळ: सभासद क्रमांक, पुस्तक क्रमांक, नेल्याची तारीख, परतीची तारीख. परतीची तारीख रिकामी, म्हणजे पुस्तक बाहेर. मग तीन न्या नाहीतर तेरा न्या, कॉलम वाढत नाहीत, ओळी वाढतात. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं. त्यातलं आपल्या कामापुरतं शहाणपण मला एवढंच कळलंय, पण तेवढं पुरतं.

तर माझं म्हणणं असं: पहिला आठवडा सॉफ्टवेअर उघडूच नका. कागदावर टेबलं काढा. प्रत्येकाच्या डोक्यावर लिहा, "इथली एक ओळ म्हणजे एक ____." गाळलेली जागा धडपणे भरता आली नाही तर टेबल चुकलंय. त्यानंतर ॲक्सेस, बेस, फाइलमेकर, काय हवं ते घ्या. ज्यांना पटत नाही त्यांनी अवश्य भांडावं.

तक्तेबहाद्दर

भांडतो. दीडदोनशे सभासद आणि हजार-दोन हजार पुस्तकं, एवढ्यासाठी डेटाबेस? एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. फिल्टर आहे, पिव्हट (सारांश तक्ता) आहे, एक्सलुकअप (दुसऱ्या तक्त्यातली माहिती शोधून आणणारं सूत्र) आहे. तुमचं ते तिसरं टेबल म्हणजे तिसरी शीट. कागदाचा सल्ला चांगला आहे, पण त्यानंतर डेटाबेसच का घ्यायचा, हे तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही.

आणि एक पाहिलेलं सांगतो. एका ठिकाणी एका हौशी माणसाने ॲक्सेसमध्ये झकास व्यवस्था बांधली. बटणं काय, रिपोर्ट काय! मग तो माणूस नोकरी सोडून गेला. कुठल्या बटणामागे कसला कोड आहे कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे हात लावायला कोणी धजत नाही. सगळे आपापल्या नोंदी गुपचूप एक्सेलमध्ये ठेवतात आणि महिनाअखेरीस त्या फाइलमध्ये नेऊन चिकटवतात. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला जे उघडता येतं ते खरं साधन.

शून्य_वजा_एक

@तक्तेबहाद्दर, ओळी किती मावतात हा मुद्दाच नाही. प्रश्न आहे चुकीची नोंद अडवणार कोण, हा. एक्सेलमध्ये नुसता नावांचा कॉलम निवडा आणि सॉर्ट करा. ते एकदा विचारतं, शेजारचे कॉलमही घेऊ का? घाईत 'नको' म्हटलंत की याचं नाव त्याच्या फोनला चिकटलं. लक्षात येईपर्यंत फाइल सेव्ह झालेली असते. सभासद क्रमांक ००७ टाका, ७ होऊन बसतो. जनुकांच्या नावांचं प्रकरण तर जगजाहीर आहे: 'मार्च१', 'सेप्ट२' अशी नावं एक्सेल तारीख समजायचं. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली! सॉफ्टवेअर हटेना म्हणून शास्त्र हटलं.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये १५,८४१ कोरोनाबाधितांच्या नोंदी अहवालातून गळाल्या, कारण एक्सेल फाइलीतल्या ओळी संपल्यावर पुढचं सगळं मुकाट्याने कापलं गेलं.

डेटाबेसमध्ये टेबल बनवतानाच सांगावं लागतं की ही तारीख, हा मजकूर, हा आकडा. तारखेच्या कॉलममध्ये 'परवा' लिहून दाखवा. आणि टेबलांमधलं नातं जोडून त्यावर सक्ती लावली असेल, तर अस्तित्वातच नसलेल्या सभासदाच्या नावावर पुस्तक देता येत नाही. एक्सलुकअप नंतर शोधून देतो, आधी अडवत नाही.

तक्तेबहाद्दर

इंग्लंडचं उदाहरण अर्धवट सांगू नका. ती जुनी एक्सएलएस फाइल होती, तिची मर्यादा ६५,५३६ ओळींची. एक्सेल २००७ पासून ती अडचण राहिलेली नाही. तसं बघायला गेलं तर ॲक्सेसची फाइलसुद्धा २ जीबीला संपते. बाकी अडवायचंच असेल तर एक्सेलमध्ये डेटा व्हॅलिडेशन (चौकटीत काय चालेल याचा नियम) आहे, लोक लावत नाहीत हा लोकांचा दोष.

शून्य_वजा_एक

जुन्या फाइलचं मान्य, चूक माझी. पण व्हॅलिडेशन लावलेल्या चौकटीत दुसरीकडून कॉपी करून पेस्ट करा आणि पाहा ते टिकतं का. दार आहे, कडी नाही.

माजी_फॉक्सवाला

तुमच्या भांडणात जरा म्हाताऱ्याचं ऐका. मी डीबेसवर शिकलो, फॉक्सप्रोवर पोट भरलं, दोन्ही जुनी डेटाबेस सॉफ्टवेअर. काळा पडदा, एक ठिपका, आणि 'यूज' लिहून फाइल उघडायची. 'डिलीट' म्हटलं की नोंद जायची नाही, नुसती खूण पडायची. खरी जायची ती 'पॅक' म्हटल्यावर. एका नवख्याने वर्षभर 'पॅक' केलंच नव्हतं, त्याच्या फाइलीत मेलेलेच जास्त निघाले.

फॉक्सप्रो बनवणारी कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये घेतली, आणि त्याच वर्षी त्यांचं स्वतःचं ॲक्सेसही आलं. आम्ही तेव्हाच ओळखायला हवं होतं. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ ची, पुढची येणार नाही हे २००७ मध्ये सांगून टाकलं, २०१५ मध्ये आधारही बंद. आयुष्यभर लिहिलेले प्रोग्रॅम गेले. पण गंमत बघा, माझ्या जुन्या डीबीएफ फाइली (त्या काळची टेबलं) आजही लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. म्हणून नवशिक्याने 'सॉफ्टवेअर कोणतं' याच्याऐवजी 'यातून डेटा साधा बाहेर काढता येतो का' हे विचारावं. पहिल्याच दिवशी चार नोंदी भरा आणि त्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकूर फाइलीत) काढून पाहा. ज्यातून बाहेर पडता येत नाही त्यात शिरू नये. कागदाबद्दल धागालेखिकेशी शंभर टक्के सहमत.

सरळ_एसक्यूएल

ॲक्सेस, बेस या सगळ्या कुबड्या आहेत. सरळ एसक्यूलाइट घ्या. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलं, फुकट आहे, अख्खा डेटाबेस एका फाइलीत. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आत्ता चालू आहे. वर डीबी ब्राउझर टाकला की टेबलं डोळ्यांना दिसतात. आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिका. सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर, जॉइन एवढं आलं की कुठल्याही डेटाबेससमोर बसता येतं. ॲक्सेसचं क्वेरी डिझाइन शिकलात तर ॲक्सेसच येतं.

शून्य_वजा_एक

एसक्यूलाइट मलाही आवडतं, पण नवख्याला दोन गोष्टी न सांगता ते हातात देऊ नका. एक, फॉरिन कीची (टेबलांमधल्या नात्याची) सक्ती मुळात बंद असते, प्रत्येक जोडणीत चालू करावी लागते. दोन, आकड्याच्या कॉलममध्ये 'दहा' हा शब्द लिहिला तर ते निमूट ठेवून घेतं, टेबल 'स्ट्रिक्ट' केलं नसेल तर. मी वर एक्सेलला ज्यावरून नावं ठेवली नेमकं तेच.

तक्तेबहाद्दर

आता कसं! 😀

रोजची_टायपिस्ट

एवढा वेळ नुसतं वाचत होते. इथे सगळे बांधणारे दिसतात, भरणारी मी एकटीच. मला कोरी_पाटींचं 'फॉर्म नंतर' अजिबात मान्य नाही.

कागदावर टेबलं काढणारा माणूस नोंदी भरणाऱ्याला कधीच विचारत नाही. माझ्यासमोर एकदा असा डेटाबेस आला की नवा सभासद टाकायला एक पडदा, पत्ता टाकायला दुसरा, फोनला तिसरा. टेबलं म्हणे अगदी शुद्ध होती! समोर माणूस उभा आहे, मागे रांग आहे, आणि मी पडदे बदलतेय. टॅब दाबला की कर्सर नावावरून थेट शेऱ्यावर उडी मारायचा. आठवड्याभरात आम्ही वहीवर परत. म्हणून मी म्हणते, आधी फॉर्मच काढा, कागदावर का होईना. काय क्रमाने विचारलं जातं, कुठे यादीतून निवडायचं, कुठली तारीख आपोआप आजची पडायला हवी, हे समजलं की टेबलं त्यातूनच सुचतील.

नवख्यांसाठी एक गोष्ट, जी शिकवणीत मला कोणी सांगितली नव्हती. ॲक्सेसमध्ये ओळ भरताना डावीकडे छोटी पेन्सिल दिसते. पेन्सिल आहे तोवर नोंद कच्ची. पुढच्या ओळीवर गेलात की ती आपोआप पक्की झाली, 'सेव्ह करू का' असं कोणी विचारत नाही. एक्सेलच्या सवयीने मी एकदा पन्नासेक नोंदी 'नुसत्या करून' पाहिल्या, न साठवता बंद करू म्हणून. सगळ्या साठल्या होत्या! अजून पेन्सिल असेल तर एस्केप दाबा, सुटाल. बेसमध्ये भीती उलटी: नोंद पक्की झाली तरी सगळं ज्या ओडीबी फाइलीत राहतं ती अधूनमधून स्वतः सेव्ह करत जा, नाहीतर मध्येच प्रोग्रॅम कोसळला तर मेहनत पाण्यात.

आणि ऑटोनंबर (नोंदीला आपोआप मिळणारा क्रमांक) १७ नंतर थेट १९ आला तर घाबरून जाऊ नका. अर्धवट सोडलेल्या नोंदीने १८ खाल्लेला असतो. तो नंबर ओळखीपुरता आहे, मोजणीसाठी नाही.

कोरी_पाटी

@रोजची_टायपिस्ट, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा चांगला आहे. पण पुस्तक१, पुस्तक२, पुस्तक३ हे मला फॉर्मनेच सुचवलं होतं हो. पडद्यावर तीन चौकोन सोयीचे, म्हणून टेबलात तीन कॉलम. फॉर्ममध्ये सबफॉर्म बसवता येतो हे मला फार उशिरा कळलं: वर सभासद, खाली त्याने नेलेल्या पुस्तकांच्या ओळी, दिसायला एकच पडदा. तुमच्या त्या तीन पडद्यांवरही उपाय तोच होता, बांधणाऱ्याने आळस केला. फॉर्मचा कागद आणि टेबलांचा कागद शेजारी ठेवा, इथवर मी खाली येते. फॉर्मवरून टेबल काढा, हे नाही.

@तक्तेबहाद्दर, तुमचा तो सोडून गेलेला हौशी माणूस मात्र मला छळतोय. त्याला उत्तर नाही माझ्याकडे. एवढंच करता येईल की प्रत्येक टेबल नि फील्डच्या शेजारी वर्णनाची जागा असते तिथे एक वाक्य लिहायचं, आणि कोड शक्यतो लिहायचाच नाही.

माजी_फॉक्सवाला

त्यात आणखी एक. दोघंतिघं वापरणार असतील तर ॲक्सेसची फाइल दोन तुकड्यांत ठेवा. टेबलं एका फाइलीत, सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये. फॉर्म-रिपोर्ट दुसरीत, प्रत्येकाच्या स्वतःच्या मशीनवर. वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये टाकून दोघांनी एकदम उघडू नका, फाइल बिघडते किंवा तिच्या दोन आवृत्त्या होतात. मग खरी कोणती ते शोधत बसा.

पहिल्यांदाच_आलोय

नमस्कार. सगळं वाचून काल रात्री खरंच कागद घेतला. सभासद, पुस्तक, देवघेव अशी तीन टेबलं काढली. "एक ओळ म्हणजे एक पुस्तक" इथे अडलो. आमच्याकडे एकाच पुस्तकाच्या चार प्रती आहेत. चार ओळी लिहू, की एक ओळ लिहून शेजारी 'प्रती: ४' असा कॉलम करू?

सरळ_एसक्यूएल

आकड्याचा कॉलम करा. किती बाहेर आहेत ते देवघेवीतून मोजता येतं.

तक्तेबहाद्दर

नका करू. फाटलेली प्रत कोणाकडून आली ते कसं सांगणार? (मी एक्सेलवालाच आहे, पण हे मला कळतं.)

कोरी_पाटी

तक्तेबहाद्दर बरोबर. सभासद 'पुस्तक' नेत नाही, 'प्रत' नेतो. म्हणजे चौथं टेबल: प्रत क्रमांक, पुस्तक क्रमांक, कधी आली, स्थिती. नाव-लेखक पुस्तकाच्या टेबलात एकदाच. देवघेवीत पुस्तक क्रमांक खोडून प्रत क्रमांक लिहा. प्रत्येक प्रतीच्या आत पहिल्या पानावर तो नंबर पेनाने लिहावा लागेल, ते काम सॉफ्टवेअर करणार नाही.

पहिल्यांदाच_आलोय

लिहिला. तीनच प्रती सापडल्या.