८३ फोटोंत अमेरिका मावते का?

कट्ट्यावरचा: रॉबर्ट फ्रँकचं ‘द अमेरिकन्स’ हे फोटोंचं पुस्तक परवा पुन्हा चाळलं. याला अमेरिकेचं चित्र का म्हणतात, हे मला अजून उमगलेलं नाही. स्विस माणूस, गुगनहाइम फेलोशिपच्या पैशांवर १९५५-५६ मध्ये जुन्या फोर्डमधून देशभर हिंडला. २७ हजारांवर फोटो काढले, पुस्तकात लावले ८३. ज्यूकबॉक्स, अंत्यविधी, ओसाड रस्ते, उतरलेले चेहरे. हसरा माणूस शोधावा लागतो. हा त्याचा मूड झाला, देश नव्हे.

शेंगदाणा: त्यातला न्यू ऑर्लिन्सच्या ट्रॉलीचा, म्हणजे ट्रामचा, फोटो विसरलात? पुढच्या खिडक्यांत गोरे, मागच्या खिडक्यांत काळे. मूड कसला, तिथला कायदाच होता तो! आणि त्यानंतर काही आठवड्यांतच माँटगोमेरीत रोझा पार्क्स या काळ्या बाईंनी बसमधली सीट गोऱ्यासाठी सोडायला नकार दिला. देशानं स्वतःचा अल्बम लावला असता तर तो लग्नाच्या अल्बमसारखा झाला असता. सगळे फेटे बांधून हसतायत, रुसलेला मामा एकाही फोटोत नाही.

कट्ट्यावरचा: मामा भारी :) पण नुसते रुसलेलेच लावले तर ते लग्न म्हणायचं का?

रीळवाला: मूड नको असेल तर आउगुस्ट झांडर या जर्मन फोटोग्राफरचे फोटो बघा. जर्मनीतले शेतकरी, वकील, वाडगं घेऊन उभा असलेला तो गलेलठ्ठ मिठाईवाला. बहुतेक जण सरळ कॅमेऱ्याकडे बघतात. १९२९ च्या पुस्तकात अशी ६० पोर्ट्रेटं आहेत. ना टोमणा, ना शेरा. तरी १९३६ मध्ये नाझींनी त्याच्या छपाईच्या प्लेटा नष्ट केल्या. मला वाटतं, त्यांना एकाच साच्यातला जर्मन हवा होता आणि इथे तर साठ तऱ्हा.

कट्ट्यावरचा: हे तर माझ्याच बाजूचं झालं! झांडर माणसाला नीट उभं राहू देतो. फ्रँक चोरून टिपतो.

शेंगदाणा: सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकडीवर गवतात बसलेलं ते काळं जोडपं आठवा. मागे वळून रागानं त्याच्याकडेच बघतंय. चोरी पकडली गेली, तोच फोटो त्यानं पुस्तकात ठेवला.

कट्ट्यावरचा: तो मलाही आवडतो, गोची तिथेच आहे. ठेवायचं त्यानं ठरवलं. त्या दोघांना कुणी विचारलं?