लॉगरोटेटनंतर एनजिनएक्स (वेब सर्व्हर) रीस्टार्ट करायलाच हवं का?

प्रश्न: लॉगरोटेट (जुन्या लॉग फाइल बाजूला करून नवीन सुरू करणारं टूल) रोज रात्री चालतं पण रीस्टार्ट न केल्यास सकाळी नवीन अ‍ॅक्सेस लॉग ० बाइटचा आणि डिस्क भरतच चाललीय, डीयू (फाइलींचा आकार मोजणारी कमांड) कमी दाखवतं, डीएफ (डिस्कची वापरलेली जागा दाखवणारी) जास्त. म्हणून सध्या पोस्टरोटेटमध्ये (रोटेट झाल्यावर चालणाऱ्या कमांडमध्ये) रीस्टार्ट टाकलंय पण त्याने चालू डाउनलोड तुटतात, लोक वैतागलेत. काय करू?

रिप्लाय १: रीस्टार्ट काढा आधी! फाइलचं नाव बदललं तरी एनजिनएक्सने ती उघडून धरलेली असते, म्हणून तो जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो, आणि ती डिलीट झाली तरी प्रोसेस सोडत नाही तोवर जागा सुटत नाही. एनजिनएक्सच्या मास्टर (मुख्य) प्रोसेसला पोस्टरोटेटमधून यूएसआर१ सिग्नल पाठवा, त्याने एनजिनएक्स फक्त लॉग फाइल परत उघडतो, कनेक्शन तुटत नाहीत. डिलेकंप्रेस (फाइल पुढच्या रोटेशनला झिप करणारा पर्याय) पण ठेवा, नाहीतर लिहिणं चालू असतानाच फाइल झिप होते.

रिप्लाय २: कॉपीट्रंकेट (लॉगची कॉपी काढून मूळ फाइल तिथेच रिकामी करणारा पर्याय) वापरा ना, सिग्नलची भानगडच नाही.

रिप्लाय १: नको हो, कॉपी आणि ट्रंकेटच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी जातात. ज्या प्रोग्रॅमला लॉग परत उघडता येत नाही त्याच्यासाठीच ते ठीक.

प्रश्नकर्ता: यूएसआर१ टाकून लॉगरोटेट फोर्स केलं, नवीन फाइलमध्ये ओळी येतायत, जागाही सुटली. खूप आभार!